हैबतरावाचे डोळे

हैबतराव गेल्यापासून कस्तुरी एकदाही आडवी झाली नव्हती. घोडी उभ्या उभ्या डुलक्या काढते, पण खरी झोप तिला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. आणि आडवी होते ती तेव्हाच, जेव्हा दुसरं कुणीतरी उभं राहून राखण करत असतं. माझ्या तबेल्यात ही राखण हैबतराव करायचा.

नाव भारदस्त, पण घोडा म्हणजे अगदी गरीब गाय. कोंबडी फडफडली तरी मागे सरायचा. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी पोरं त्याच्याच पाठीवर बसून पहिल्यांदा लगाम धरायला शिकली. कस्तुरी त्याच्या अगदी उलट. उड्यांच्या स्पर्धांची घोडी, तापट आणि नखरेल. "ताईंसारखीच," असं घोड्यांची निगा राखणारा आमचा मोतद्दार सखा म्हणायचा, मला ऐकू जात नाही असं समजून. स्पर्धेला निघताना हैबतराव आधी गाडीत चढला तरच ही बया चढायची. त्याला स्पर्धेत काही काम नसायचं, नुसतं सोबतीला न्यायचं.

आम्ही मूळचे रोह्याचे. माझे भाऊ मास्तर झाले, इंजिनियर झाले, मी गडबच्या पुढे हायवेपासून आत वाट्याला आलेल्या जमिनीवर घोडे पाळले. घरच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं, मीही उलट बोलून घेतलं. आता कुणी काही म्हणत नाही.

हैबतराव श्रावणात गेला, पोटशुळाने. सकाळी लोळायला लागला, वळून वळून आपल्याच कुशीकडे बघायला लागला, तेव्हाच मी ओळखलं. मी आणि सखा त्याला पावसात फिरवत राहिलो. पेणहून जितेश डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. आतडं पिळलं होतं. ते उलगडायचं ऑपरेशन इथे कुठे होत नाही आणि जिथे होतं तिथवर तो पोचला नसता. चिखलात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने डोळा वळवून माझ्याकडे पाहिलं. कधी दिसला नव्हता तो डोळ्याचा पांढरा भाग पूर्ण बाहेर आला होता. तसंच बघत बघत तो गेला, आणि मी डोळा मिटवायचा प्रयत्न केला तर मिटेना.

ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? पण चहा गाळताना, आंघोळ करताना, कुठेही तो डोळा समोर यायचा.

दिवाळीपर्यंत कस्तुरीची रया गेली. डुलकी लागली की पुढचे पाय मुडपायचे, ती गुडघ्यांवर आपटायची आणि दचकून पुन्हा उभी राहायची. गुडघे आणि खुरांवरचे सांधे सोलवटून निघाले. सखा धुऊन मलमपट्टी करायचा, दुसऱ्या दिवशी पट्टी रक्ताने भिजलेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दात बघितले, पाय दाबून बघितले.

"दुखणं काही नाही," ते म्हणाले. "झोप नाही. पण आसावरीताई, स्पष्ट सांगतो. एक दिवस ही अशी पडेल की पाय मोडेल. आणि मोडल्या पायाच्या घोडीला मी एकच इंजेक्शन देऊ शकतो."

"माहीत आहे मला," मी खेकसले. त्यांचा काही दोष नव्हता.

मग जे जे सुचलं ते करून पाहिलं. दोन तट्टं शेजारी बांधली, तर ही त्यांचीच राखण करायला लागली. बकरी आणली. बकरीने कस्तुरीच्या अंगावरची चादर खाल्ली, तिच्याकडून दुसरं काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, परदेशात एकट्या घोड्याला बरं वाटावं म्हणून तबेल्यात आरसा लावतात, कुणी घोड्याचं मोठं चित्रही लावतं. आरसा तिने लाथेने फोडला. राहिलं चित्र.

चित्र कशाला? हमरापूर काही लांब नाही.

हमरापुरात रंभाकाकू आणि त्यांचा मुलगा नितेश यांचा गणपतींचा कारखाना आहे. साचे, रंग, मजूर, हिशेब सगळं नितेश बघतो, पण डोळ्यांची आखणी काकूंशिवाय कुणी करत नाही. मूर्ती पूर्ण झाली की शेवटी डोळे, आणि त्या डोळ्यांनी कुठूनही बघणाऱ्याच्या नजरेला नजर दिली पाहिजे, हा त्यांच्या घरचा हट्ट. मी हैबतरावाचे फोटो पाठवले. सगळ्या फोटोंत त्याची झुलपं डोळ्यांवर आलेली. नितेशने सळयांचा सांगाडा केला, काथ्या आणि प्लास्टर चढवलं, मापात घोडा उभा केला. सखाने हैबतरावाच्या शेपटीचे केस कापून जपून ठेवले होते, तेही मी नेऊन दिले. काकूंनी शेपूट त्या खऱ्या केसांची लावली.

टेम्पो आला तो दुपारी. घोड्याचं तोंड कापडाने बांधलेलं होतं, जसं गणपतीचं बांधतात. कस्तुरीच्या कुरणात, हैबतराव उभा राहायचा त्याच आंब्याखाली तो उतरवला. लांबून बघून सखाला रडू फुटलं. मानेचा बाक, पोटाचा घेर, मागचा एक पाय जरा ढिला टाकून उभं राहायची सवय, सगळं तेच.

"बाय, तुमी पुढं उभ्या ऱ्हावा," रंभाकाकू म्हणाल्या. "आमच्यात पहिली नजर घरधन्याची."

मी पुढे उभी राहिले. काकूंनी कापड ओढलं.

बुबुळाभोवतालचा सगळा पांढरा भाग उघडा, मध्ये काळी बाहुली, तिच्यात उजेडाचा ठिपका. चिखलात माझ्या मांडीवरून ज्या डोळ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं होतं, तोच डोळा. आणि आता दोन्ही. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकू समाधानाने हसत होत्या. त्यांना वाटलं, मला भरून आलं.

कस्तुरी मागच्या बाजूने आली. शेपूट हुंगली. तिचं सगळं अंग थरथरलं आणि ती अशी खिंकाळली की मीही क्षणभर सगळं विसरले. ती त्याच्या कुशीला घासत, हुंगत पुढे आली, तोंडाशी पोचली, आणि तिने वर पाहिलं.

ती उधळली ती थेट कुंपणावर. छाती फाटली. डॉक्टरांनी येऊन टाके घातले, पण त्यानंतर ती कुरणाच्या पार टोकाच्या कोपऱ्यात घामाने निथळत उभी राहिली, तोंड त्या घोड्याकडे. दाणा समोर ठेवला तरी तोंड लावेना. तिला कुरणातून काढून तबेल्यात न्यावं तर भिंतींना धडका द्यायची. तो दिसत नसला की तिला अजून भीती वाटायची बहुतेक.

सखा त्या बाजूला जाईना. "त्याच्या डोळ्यांत जीव हाय, ताई. त्याला कायतरी दुखतंय, आन तो आपल्याला सांगतोय." गडबच्या नाक्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही की आसावरीताईंचा मेलेला घोडा परत आलाय. शनिवारची पोरं आली, एक मुलगी म्हणाली, मी कुठेही गेले तरी तो माझ्याकडेच बघतो, आणि रडत गाडीत जाऊन बसली. मी सखाला झापलं, पोरीच्या आईला दोन शब्द सुनावले. भूत-बीत काही नसतं, हे मी मोठ्याने इतक्या वेळा म्हटलं की माझं मलाच हसू आलं असतं.

कारण मीही ओटीवर बसायचं सोडलं होतं. तिथून आंबा दिसतो. मी कुरणात डावीकडून गेले, उजवीकडून गेले, झाडाआडून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी तो माझ्याकडे बघत होता, दुखतंय म्हणत होता, आणि मी तेव्हाही काही करू शकले नव्हते, आताही करू शकत नव्हते. मला भीती वाटत होती. स्वच्छ सांगायचं तर फार भीती वाटत होती.

पण त्याहून मोठा एक प्रश्न डोक्यातून जाईना. रंभाकाकूंना कसं कळलं? त्या वेळी तिथे मी होते, सखा दोर आणायला गेला होता, डॉक्टर गाडीपाशी होते. ती नजर फक्त मी पाहिली होती.

शेवटी रागाच्या भरात मी काकूंना बोलावून घेतलं. त्या नितेशच्या मोटारसायकलवरून आल्या, मांडीवर रंगांची पिशवी. मी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं तो कसा बघत होता ते?"

"कुनी सांगनार? फोटूत डोळं दिसतच नव्हतं." त्या गोंधळून गेल्या. "मंग देवाला काढतो तसं काढलं. मस्त पांढरं भरलं, बाहुली मधी घेतली. जीव वतून काढलंय गो बाय. नजर भेटत नाय काय?"

मी त्यांचा हात धरून त्यांना तट्टाच्या ठाणापाशी नेलं. तट्टू गवत चघळत होतं. "बघा त्याच्या डोळ्यात."

काकू वाकून बघत राहिल्या. सगळा डोळा गडद तपकिरी, काठोकाठ. "अगो बाय! याला पांढरं नसतंच?"

"असतं. एरवी दिसत नाही. घाबरला, नाहीतर जीव जाईस्तोवर दुखायला लागलं, की दिसतं."

काकूंनी कपाळाला हात लावला. देवाच्या डोळ्यातली माया त्यांनी माझ्या घोड्याच्या डोळ्यात भरली होती, आणि ती त्याच्या मरणाची कळ झाली होती. माझा राग कुठच्या कुठे गेला. रागवायचं कुणावर?

"पुसून टाका काकू. आजच."

"नाय." त्या मागे सरल्या. "लावलेलं डोळं आमी पुसत नाय. पान्यात गेल्याबिगर नाय पुसायचं."

"तो देव नाही, काकू."

"हात तर त्योच हाय ना."

तेवढ्यात कुरणाच्या कोपऱ्यात कस्तुरीचे डोळे मिटायला लागले. मान खाली आली, पुढचे पाय मुडपले आणि ती धाडकन गुडघ्यांवर, मग तोंडावर पडली. टाक्यांतून रक्त आलं. उठायला तिला खूप वेळ लागला. उठली ती पुन्हा त्या घोड्याकडे तोंड करून, लटपटत. काकू हे सगळं बघत होत्या. त्यांनी पदर खोचला.

आंब्याखाली जाऊन त्यांनी आधी हात जोडले, पुटपुटून काहीतरी म्हणाल्या. माफी मागत असाव्यात. मग अंगाच्या रंगाचाच तपकिरी रंग घेऊन दोन्ही डोळ्यांवरून ब्रश फिरवला. पांढरं गेलं, काळं गेलं, ठिपका गेला. डोळ्यांच्या जागी नुसते दोन गुळगुळीत फुगवटे राहिले. बघायला ते अजूनच वाईट दिसत होतं. नितेशने मान दुसरीकडे वळवली.

"वाळू दे," काकू म्हणाल्या. "मंग चांगलं गडद डोळं काढते, त्या तट्टाच्यासारखं. तुमचा हैबतराव शांत बगंल तुमच्याकडं, बगा तुमी."

मी मान हलवली. किती वाट बघत होते मी त्या शांत नजरेची, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

रंग वाळेपर्यंत आम्ही ओटीवर चहा घेतला. पुष्कळ दिवसांनी मी तिथे बसले होते. उन्हं कलली. आधी सखाच्या लक्षात आलं. त्याने माझ्या खांद्याला हात लावला, एरवी कधी लावत नाही.

कस्तुरी कोपऱ्यातून निघाली होती. एक पाऊल टाकायची, थांबायची. नाकपुड्या फुललेल्या, कान पुढे. शेपटीपाशी आली, हुंगलं. कुशीला नाक लावलं. मग वळसा घालून तोंडाशी आली आणि थांबली. तिथे तिच्याकडे बघणारं काही नव्हतं. तिने त्या आंधळ्या तोंडावर आपलं तोंड टेकवलं, सुस्कारा सोडला. ओटीपर्यंत ऐकू आला. मग तिने पुढचे गुडघे हळूच टेकले, या वेळी पडून नव्हे, मुद्दाम, आणि त्याच्या पायाशी अंग टाकून दिलं. मान लांब केली. थोड्या वेळाने तिचे पाय झोपेत पळल्यासारखे हलायला लागले. सखा तोंडात टॉवेल कोंबून रडत होता.

काकूंनी वाटीत रंग कालवून ठेवला होता, गडद, जवळजवळ काळा, तट्टाच्या डोळ्याचा बरोबर तोच. बारीक ब्रश हातात घेऊन त्या उठल्या, कुरणाकडे बघून पुन्हा बसल्या.

"उठंल ती. उठली की काढते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काढू ना?"

मला तोंडभर हो म्हणायचं होतं. कस्तुरीला डोळे नकोच होते, तिला त्याचा वास हवा होता, त्याचं उभं असणं हवं होतं. डोळे मला हवे होते. एकदाच, एकदाच त्याने माझ्याकडे न दुखता पाहावं म्हणून मी घोडीच्या नावाखाली हा सगळा घाट घातला होता. आणि ते डोळे काढल्यावर ती पुन्हा निजेल की कोपऱ्यात जाऊन उभी राहील, हे आमच्यापैकी कुणीच सांगू शकत नव्हतं.

खाली कस्तुरी घोरत होती. तिच्या डोक्याशी तो आंधळा घोडा राखणीला उभा होता, आणि माझ्यापाशी त्याची ती एकच नजर राहिली होती, चिखलातली.

"नको काकू," मी म्हटलं. "ब्रश धुऊन टाका."