नानांना तक्रार शिकवताना

नानांचं अपंगत्वाच्या पेन्शनचं अपील म्हणजे भिजत घोंगडं. ऋजुता कॉलेजात होती तेव्हा ते भिजत पडलं. आता ती डच मुलखात, डीमनमध्ये, संसार थाटून बसली, तिच्या नवऱ्याचे, निहारचे, केस विरळ झाले, तरी ते वाळायचं नाव घेईना. नाना म्हणजे तिचे वडील, निवृत्त सुभेदार वासुदेव जगदाळे, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा. डोंगरातल्या रस्त्यावर रेशनचा ट्रक दरीत गेला आणि त्यात त्यांची पाठ कामातून गेली. तर पेन्शनवाल्यांनी काय लिहावं? मणक्याची झीज, वयोमानाने होते, नोकरीशी संबंध नाही. चाळिशीतल्या माणसाची म्हणे वयोमानाने झीज!

पैशांचं नानांना फारसं नव्हतं. पण ते ‘संबंध नाही’ त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. "म्हणजे मी खोटारडा," एवढंच ते म्हणायचे आणि भाकरी मोडायला घ्यायचे. हा माणूस खोटं बोलत नाही, असं कुणीतरी सरकारी शिक्क्यानिशी म्हणावं, आणि नाना धडधाकट आहेत तोवर म्हणावं, यासाठी ऋजुता पुण्याच्या हेमचंद्र वकिलांच्या हात धुऊन मागे लागली होती. वकील तरी काय करणार? फाइल सापडली की साहेब बदललेले, साहेब भेटले की फाइल दुसऱ्या कचेरीत.

वीस सालच्या फेब्रुवारीत नाना लेकीकडे दोन महिने म्हणून आले आणि करोनाने इथेच अडकले. पुढे विमानं सुरू झाली, पण ऋजुतानेच त्यांना सोडलं नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, गावी त्यांच्या उशापायथ्याला कोण होतं? तिने खटपट करून व्हिसा वाढवून घेतला. झुइडास या कचेऱ्यांच्या भागातलं तिचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं, ती दिवसभर त्याला चिकटलेली असायची. नाना रोज सकाळी कालव्याकाठी ताठ चालून यायचे. शेजारची डच म्हातारी त्यांना लांबूनच हात करायची. हे लांबूनच नमस्कार करणारे लोक नानांना बरे वाटायचे.

नोव्हेंबरात वकिलांचा फोन आला. करोनामुळे अपिलाचं मंडळ व्हिडिओवर बसणार होतं आणि एक फौजी डॉक्टर नानांशी स्वतः बोलणार होते. ऋजुता हरखून गेली. बँकेच्या लोकांना डेमो देण्यात तिचा हात कोण धरणार? तिने एक्स-रे क्रमाने लावले, कॅमेरा जुळवला, आवाज तपासला, निहारला त्या वेळेत इंटरनेट वापरायची बंदी केली. सगळं तयार केलं, फक्त नानांना तयार करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

नाना अंधारातच उठले, दाढी केली, ब्लेझर चढवला, त्यावर मेडलं लावली. पडद्यावर डॉक्टरसाहेब दिसले मात्र, नाना ताडकन खुर्चीतून उठून सावधान झाले. कॅमेऱ्यात राहिली नुसती छाती आणि मेडलं. साहेब वयाने ऋजुताएवढे असतील. त्यांनी आपुलकीने विचारलं, "सूबेदार साहब, पीठ में तकलीफ है?"

"नहीं, सर. एकदम ठीक."

खालच्या चौकोनात वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पुन्हा विचारलं, चालणं होतं का? रोज होतं, सर. झोप लागते का? लागते, सर. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं, पुढची तारीख कळवू म्हणाले आणि पडदा काळा झाला.

ऋजुताचा तोल सुटला. इतकी वर्षं मी कुणासाठी मरतेय, असं ती वडिलांना तोंडावर म्हणाली. नानांनी ब्लेझर हँगरला लावला, त्याची कॉलर नीट केली.

"साहेबापुढं रडगाणं गायचं नसतं, ऋजू. पलटणीत आजारी म्हणून नाव द्यायला जो उठला, तो सगळ्यांच्या नजरेतून उतरला."

मग चहाच्या वेळी त्यांनी जे सांगितलं ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. ट्रकमधून दोघांना काढून तळावरच्या इस्पितळात नेलं. बाजूच्या खाटेवर ड्रायव्हर रमेश ओरडत होता. डॉक्टर आधी नानांकडे आले, कारण हुद्द्याने नाना वर. नाना म्हणाले, मी ठीक आहे, साहेब, त्याला बघा. डॉक्टरांनी ‘ठीक’ लिहिलं आणि ते तिकडे वळले.

"मग?"

"संध्याकाळी गेला रमेश. आणि मी एकदा ठीक म्हणून बसलो होतो. परत कसं सांगायचं?"

म्हणजे पेन्शनवाले इतकी वर्षं इस्पितळाच्या कागदावरचं जे ‘ठीक’ नाचवत होते ते नानांचंच बोलणं होतं. ऋजुताला रडावं की डोकं आपटावं कळेना. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. नानांना तक्रार करता येत नाही ना? मग शिकवू.

डिसेंबरात दुकानं बंद झाली, पुढे संचारबंदी लागली. रोज लॅपटॉप मिटला की ऋजुता डॉक्टर व्हायची. नाना, उठायचं नाही, बसून सांगायचं. कुठे दुखतं, केव्हापासून, मोजा काढताना काय होतं. भीक मागायला लावल्यासारखे नाना लालबुंद व्हायचे. "जरा दुखतं," एवढ्यावर गाडी अडायची. जरा नाही नाना, खरं सांगा. निहार एकदा म्हणाला, अगं, राहू दे ना त्यांना. तिने त्याला असं काही फटकारलं की तो पुन्हा मध्ये पडला नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडलं, कालवा गोठला, नानांचं फिरणं थांबलं. अशाच एका दिवशी, ऋजुता नेहमीचा प्रश्न विचारून भात लावायला वळली तर नाना बोलायला लागले. कंबरेतून पायात सुरी उतरते. कूस बदलता येत नाही. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात उशीचं टोक धरतात. बोलता बोलता त्यांना हुंदका आला आणि थांबेना. आणि ऋजुता काय म्हणाली? "शाब्बास नाना, अस्संच सांगायचं!" आनंदाच्या भरात तिला काही सुचलं नाही, दुसरं काय.

त्यानंतर नाना कण्हायला लागले. इतकी वर्षं दाबून धरलेलं दुखणं एकदा बाहेर आलं ते परत आत जाईना. आधी चालणं सुटलं, मग टेबलाशी जेवणं. इथल्या डॉक्टरने फोनवर ऐकून घेतलं आणि पॅरासिटामॉल घ्या, वाट बघा म्हणून सांगितलं. बर्फ वितळलं, शेजारची म्हातारी खिडकीतून खुणेने विचारायची, आजोबा कुठे? ऋजुता मान हलवायची.

मार्चमध्ये तारीख आली. इस्त्रीचं टेबल खाटेला लावून तिने त्यावर लॅपटॉप ठेवला. साहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि नानांनी पडल्या पडल्या सगळं सांगितलं, सुरी, उशी, आणि रमेशसुद्धा. कुठे अडखळले नाहीत. साहेब हिंदीत म्हणाले, हे पहिल्यांदाच सांगायचं होतंत, सुभेदारसाहेब. मी तसं लिहितो. निकाल यायला वेळ लागेल. वकिलांनी लगेच कळवलं की आता काम झालंच समजा.

ऋजुताने लॅपटॉप मिटला.

"बरोबर सांगितलं ना गं?" नानांनी विचारलं.

"एकदम बरोबर, नाना."

"मग झालं तर. आता उठतो मी."

त्यांनी खाटेच्या कडेला हात रोवला, मान उचलली, दात आवळले. पुन्हा एकदा जोर लावला. मग हात सुटला, आणि ते छताकडे बघत राहिले. ऋजुता त्यांना आधार द्यायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली.