बुटांच्या गाद्या

खस्स.

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून कागद चुरगळल्याचा आवाज आला आणि माझी पेन्सिल थांबली. भिंगरी झोपलेली असायला हवी होती. आमच्या चार वर्षांच्या लेकीचं खरं नाव बालवाडीपुरतं. घरात ती भिंगरी, कारण ती चालत नाही, फिरते. ती झोपली की मला पाऊण तास मिळतो. आजचा पाऊण तास मी वहीला दिला होता. संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं, नवे बूट ठेवायचे की दुकानात परत द्यायचे.

मी पळायला लागले त्याला वर्ष झालं. सकाळी सहा ते साडेसहा, बास. त्या अर्ध्या तासात माझ्याकडे कुणी काही मागत नाही. लेकीवर माझा जीव आहे, पण जीव लावायला तो आधी थोडा गोळा करावा लागतो, आणि तो मी त्या रस्त्यावर गोळा करते.

मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो वाकवून, वळवून पाहिला आणि म्हणाल्या, "महिन्याभरात थांबलं नाही तर पळणं बंद. चालत जा." चालत जा! ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत मी दिवसभर दुसरं काय करते?

म्हणून महागडे बूट. किंमत सांगत नाही, मलाच अजून ती मोठ्याने उच्चारवत नाही. शेजारच्या टपालवाल्या ताई दिवसभर पत्रं वाटून वर सकाळी माझ्याबरोबर पळतात, आणि त्यांच्या बुटातून अंगठा बाहेरचं हवापाणी बघत असतो. त्या म्हणाल्या, "अगं, बूट पळत नाहीत, पाय पळतात." दुकानदार म्हणाला, "ताई, शर्यत वर्षातून एकदा. गुडघा रोजचा आहे." मला दोघांचंही पटलं. हाच माझा घोळ आहे, जो शेवटी बोलतो त्याचं मला पटतं. दुकानदाराने वर सवलतही दिली: पंधरा दिवस पळून बघा, नाही मानवले तर आणून द्या.

आज पंधरावा दिवस.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं?" ती सवय घरी येते. पडद्याच्या रंगापासून भाजीतल्या मिठापर्यंत सगळीकडे पहिलं की दुसरं. त्यानेच सुचवलं होतं, "एक दिवस जुने घाल, एक दिवस नवे. आल्या आल्या लिहून ठेव."

लिहिलं होतं मी. जुने: कुरकुर. नवे: शांत. जुने: कुरकुर, जिन्यात जास्त. नवे: शांत. पानभर हेच. मग बूट ठेवायचे, प्रश्न मिटला. तरी मी तेच पान का उलटंसुलटं करत होते कोण जाणे. आणि तेवढ्यात ते खस्स.

आत गेले तर भिंगरी फरशीवर मांडी घालून बसलेली. खोका उघडा, कागद चोळामोळा, चारही बूट आडवे, आणि बुटांच्या आत असतात ते मऊ तळवे तिने बाहेर काढून ओळीने लावलेले. दोन करडे, जुने. दोन हिरवे, नवे.

"काय चाललंय?"

"श्श. बूट झोपलेत. बाबा त्यांना चुकीच्या गाद्या घालतात. मी नीट करते."

"बाबा?"

"हो. हिरवी गादी जुन्या बुटाला. ती त्याची नाहीच्चे."

नवऱ्याला आज सुट्टी, तो न्हाणीघरात गळका नळ दुरुस्त करत होता. हाक मारली तर हातात पाना घेऊन आला. चार तळवे पाहिले आणि त्याचे कान लाल झाले. त्याला खोटं बोलता येत नाही, कान चहाडी करतात.

"तू माझ्या बुटांचे तळवे बदललेस?"

"दोनदाच. म्हणजे तीनदा."

"अरे, पण का?"

"दुकानात करतो तसं गं. मधेच तीच काच पुन्हा लावायची आणि विचारायचं, आता बरं दिसतंय? निम्मी माणसं हो म्हणतात."

"मी गिऱ्हाईक आहे तुझी?"

"गिऱ्हाईक असतीस तर चूक झाली तरी काच बदलून दिली असती. गुडघा कुठून बदलून आणू?" त्याने पाना खाली ठेवला. "नवे बूट लागू पडावेत म्हणून तू इतकी आस लावून बसली होतीस, की गुडघा बोलतोय की आस, मला कळेना. तू उगाच बुटांच्या भरवशावर पळत राहिलीस आणि गुडघा कायमचा गेला तर?"

यावर रागवायचं कसं, सांगा.

"मग काय कळलं?"

"काहीच नाही. तळवे बदलले तरी तू लिहिलंस, नवे शांत, जुने कुरकुर. म्हणजे तळव्यात काही नाही, सगळं खालच्या जाड सोलमध्ये आहे. नाहीतर…"

"नाहीतर माझ्या डोक्यात."

तो नळाच्या दिशेने बघायला लागला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडात आणखीच अंधार दिसला. "अरे, पण ही ते परत बदलत होती!" मी भिंगरीपुढे बसले. "राणी, गाद्या कधी नीट केल्यास?"

"काल."

"आणि त्याआधी?"

"काल."

भिंगरीच्या आयुष्यात जो दिवस आज नाही तो काल असतो. तिचा जन्मही कालच झालाय. कुठल्या दिवशी मी कशावर पळले ते आता आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पानभर अक्षर छान होतं, एवढंच.

"दुकान सातला बंद होतं," नवरा म्हणाला. "बस खुर्चीवर. डोळे मीट."

मी मिटले. त्याने माझ्या उजव्या पायात एक बूट चढवला, नाडी आवळली. डोळे मिटूनच मी त्या पायावर दहा उड्या मारल्या. मग बूट काढला, दुसरा चढवला. पुन्हा दहा. भिंगरी मोजत होती, पाच, सहा, नऊ, दहा.

"पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं," मी म्हणाले. शंकाच नव्हती. पायाखाली कापूस, गुडघा गाढ झोपलेला. "हा नवा. ठेवू या हेच बूट."

मी डोळे उघडले. पायात जुना बूट होता.

"आत हिरवा तळवा आहे," नवरा हळूच म्हणाला. "म्हणजे तळव्यातच असेल का? पण मग वही…" तो डोकं खाजवत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पहिलंही सुचेना आणि दुसरंही.

मी त्या मळक्या बुटाकडे बघत राहिले. आणि शपथेवर सांगते, तो ओळखीचा झिजलेला टाचेचा कोपरा दिसला मात्र, गुडघा कुरकुरला. खरोखर. आत, उजवीकडे, नेहमीच्या जागी. मी नकळत हात लावला.

भिंगरीने तो हात पाहिला. रोज सकाळी बालवाडीचं दप्तर दिसलं की तिचं पोट दुखतं, आणि रोज मी दप्तर तिच्या पाठीवर अडकवत म्हणते, पुरे हं, खोटं खोटं दुखणं नको. ती जवळ आली, माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं,

"आई, खोटं खोटं दुखलं तरी ते दुखतंच ना?"