माझ्या दोऱ्यावर चढलेल्या लेकी

खडे मीठ. न चिरलेली वांगी. केसाहून बारीक दोरा. विहिरीचं थंड पाणी. गळ्यावर लिंबाएवढी गाठ.

मित्रांनो, मी एक जुनी मूळपेशी आहे. बेला गावच्या रेणुकाच्या मेंदूत राहते. १९८८ साली ती आई जयवंताबाईच्या पोटात होती, तेव्हा मी कामाला लागले. माझा एक पाय मेंदूच्या आतल्या पाण्याकाठी रोवलेला होता आणि लांब दोरा पार वरच्या थरापर्यंत ताणलेला. मी दुभंगायचे. एक भाग मीच उरायचे, दुसरा माझी लेक व्हायचा. ही लेक म्हणजे नवी चेतापेशी. ती माझा दोरा धरून वर चढायची, आधीच्या बहिणींना ओलांडून त्यांच्याही वर घर करायची.

पण या साऱ्याला निरोप लागतो. तो आईच्या गळ्यातल्या ग्रंथीकडून रक्तातून येतो. आमच्याकडे तो फार थोडा आला. लेकी कमी जन्मल्या. काही अर्ध्या दोऱ्यावरच थबकल्या. मी त्यांना ढकलू शकत नव्हते. मला हात नाहीत.

रेणुका जन्मली. माझा दोरा गळून गेला, मी चांदणीसारखी राखणदार पेशी झाले. पोर चार वर्षांची झाली, तरी "आई" म्हणेना.

"गिरानात वांगे चिरले असशीन तू," आजी वच्छलाबाई ग्रहणाचा दोष काढत सुनेला म्हणायची.

"नाई चिरले वो आत्याबाई. हात बांधल्यावानी बसली होती मी."

मग एक दिवस नर्सबाई आली. तिने जयवंताबाईचा गळा चाचपला, मिठाचं मडकं पाहिलं.

"मीठ धुता का, बाई?"

"धुवाच लागते न माय. केवढी माती रायते त्यात!"

"मातीसंगं आयोडीन बी जाते. ते नसलं का गळ्याला अशी गाठ येते. अन् पोटातल्या लेकराचं डोकं..." तिने रेणुकाकडे पाहिलं.

वच्छलाबाईने मडकं जवळ ओढून आत पाहिलं.

"आता नाई धुतलं," जयवंताबाईने विचारलं, "त बोलन का?"

नर्सबाईने मडक्यावर झाकण ठेवलं.

मित्रांनो, थबकलेल्या लेकी आता चढत नाहीत. म्हणून विनवते, मीठ धुऊ नका, उघडं ठेवू नका. चढायचे दिवस थोडेच असतात.

एरवी त्या घरात मीठ एका पाण्याने धुवत. रेणुकाच्या वेळी जयवंताबाईने ते तीन पाण्यांनी धुतलं, बाळाला कचरा बाधू नये म्हणून.