एका सुविचाराचा खाडा

लालबागला आमच्या चाळीच्या दारात, जिन्याखालच्या भिंतीवर एक फळा होता. त्याच्या मधोमध खडूची आडवी रेघ. रेघेच्या वर भिवाचा अंमल, खाली रमाकांतरावांचा.

भिवा समितीचा माणूस. छप्पन साल होतं. मुंबईसकट महाराष्ट्र मागणाऱ्यांच्या गल्लोगल्ली सभा चालायच्या, जमावबंदी कधी लागेल त्याचा नेम नव्हता, आणि पोलीस येता-जाता फळे वाचायचे. म्हणून भिवा सरळ काही लिहीतच नसे. ‘चार वाजता हळदीकुंकू’ म्हणजे बायकांचा मोर्चा. ‘उद्या भजनाला टाळ आणावेत’ म्हणजे मिल बंद. ‘नळाला पाणी येणार नाही’ म्हणजे धरपकड होणार, तरण्या पोरांनी घरी सापडू नये. एकदा नळाला खरोखरच पाणी येणार नव्हतं. भिवाने तसं लिहिलं, आणि एकाही घराने हंडा भरून ठेवला नाही. पोरं मात्र सकाळपासून वडाळ्याला नातेवाइकांकडे जाऊन बसली.

रमाकांतराव दुसऱ्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत एकटेच राहत. मूळचे गिरगावातले, विम्याच्या कचेरीत कारकून, अंगात इस्त्रीचा कोट. रोज सकाळी अंघोळ आटोपून ते खाली येत आणि रेघेखाली एक सुविचार लिहीत. कुठून उतरवलेला नव्हे, स्वतःचा. ‘मौन हा शब्दांचा प्रकाश आहे.’ ‘शून्याला कवटाळणारा पूर्णाचा सखा होतो.’ लिहून झालं की दोन पावलं मागे सरून वाचत, मान हलवत आणि ट्राम पकडायला जात.

मी तेव्हा बारा वर्षांची. नळावरच्या बायकांना वाचता येत नसे, म्हणून फळा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. भिवाचं वाक्य वाचलं की बायका भराभर हात चालवायच्या. रमाकांतरावांचं वाचलं की कळशी तशीच नळाखाली वाहू द्यायच्या.

“काय म्हणता तो?” गंगुबाई विचारायची.

मी पुन्हा वाचायची.

“मोठो माणूस गो,” ती सुस्कारा टाकायची. “एक अक्षर कळाक नाय.”

तिच्या लेखी ही शाबासकी होती. माझ्याही होती. ती सगळी वाक्यं मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेत असे. आई तेवढी थांबत नसे. कळशी विसळायची, भरायची आणि चालू लागायची.

डिसेंबरात एका सभेत भिवाला पोलिसांनी उचललं. फळ्याचा वरचा अर्धा भाग तीन दिवस कोरा राहिला. रमाकांतरावांना ती रिकामी जागा बघवली नसावी. चौथ्या दिवशी त्यांनी मधली रेघ पुसली आणि अख्ख्या फळ्यावर, वितीएवढ्या अक्षरांत लिहिलं: ‘जो थांबतो, तोच पोहोचतो.’

मी नळावर येऊन वाचून दाखवलं. 

“वरती लिवलंय की खाली?” गंगुबाईने विचारलं.

“वरतीसुद्धा. सगळ्या फळ्यावर.”

“मग ता सुविचार न्हय,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “भिवाने आतून निरोप धाडलो. थांबतो म्हणजे काय? आज कोणी कामावर जायचा नाय. मिल बंद!”

पाच मिनिटांत ही बातमी चारही मजले चढून गेली. कोणी म्हणालं, मला तर पहाटेपासूनच वाटत होतं. कोणी म्हणालं, पोहोचतो म्हणजे मुंबई आपल्याला मिळणार, दिल्लीत ठरलंय. रमाकांतराव तोवर ट्रामने निघून गेले होते, त्यामुळे विचारणार कोणाला? आणि विचारायची गरजही कोणाला वाटत नव्हती.

बाबा डबा घेऊन दारात उभे होते.

बाबा, म्हणजे कुशाबा, दहा वर्षं बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज सकाळी कार्ड घेऊन मिलच्या दरवाज्यावर उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्याच्या मागावर काम मिळायचं, नाहीतर परत घरी. त्या महिन्यात खात्याचा मुकादम, राजाराम जॉबर, याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “कुशाबा, एक माग रिकामा होतोय. या महिन्यात एकही खाडा करू नको. एक तारखेपासून तुझं नाव परमनंटला लावतो.” त्या दिवशी बावीस तारीख होती. बाबांना खोकला होता, तरी एक दिवस चुकला नव्हता.

“मी जातंय,” बाबा म्हणाले.

गॅलरीत माणसं जमली होती. “जा, जा,” शेजारचा गणपत म्हणाला. “आख्खी चाळ थांबते नि तू एकटो पोच. उद्या मुंबई मिळाली की तुका सोडून वाटून घेऊ.”

सगळे हसले. बाबांनी डबा खाली ठेवला. आई आतून म्हणाली, “अहो, भोंगा होईल.” भोंगा झाला. बाबा उंबऱ्यावर बसून राहिले.

नऊच्या सुमारास कळलं, की शेजारच्या चाळीतले सगळे कामावर गेलेत. परळचे गेलेत, काळाचौकीचे गेलेत. गिरण्यांची धुराडी नेहमीसारखी धूर सोडत होती. संप अख्ख्या मुंबईत फक्त आमच्या चाळीने केला होता.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये, चाळीत घरी बसलेल्या चाळीस जणांपैकी अकरा बदलीवाल्यांची कार्डं जमा करून घेतली. राजाराम जॉबर संध्याकाळी घरी आला. चहाही घेतला नाही.

“लेबर ऑफिसर म्हणतो, बेकायदेशीर संप. म्हणतो, हुकूम आला, तुम्ही पाळला. मी सांगितलं, साहेब, हुकूम कसला, ती चाळीतल्या एका कारकुनाची करमणूक आहे. तर म्हणतो, त्याच्याकडून लेखी आणा, त्या वाक्यात काही हुकूम नव्हता म्हणून. शनिवारपर्यंत आणा, नाहीतर नावं कमी करतो.” मग बाबांकडे वळून, “तुझा माग मी शनिवारपर्यंत धरून ठेवतो, कुशाबा. पुढे माझ्या हातात नाही.”

आई मला घेऊन लगेच दुसऱ्या मजल्यावर गेली.

रमाकांतरावांनी सगळं ऐकलं. चेहरा आधी घाबरा झाला, मग हळूहळू उजळला.

“म्हणजे माझ्या एका वाक्यावर इतकी माणसं थांबली?”

“थांबली खरी, रमाकांतराव. आता तुम्ही लिहून द्या, म्हणजे पुन्हा चालू लागतील.”

“देतो ना, खुलासा देतो,” ते म्हणाले, आणि कोट घालून टेबलाशी बसले. खुलासा करायला कोट कशाला लागतो ते मला आजवर कळलेलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी कागद दिला. मी वाचला: ‘थांबणे हीच अंतिम गती होय. पोहोचणे म्हणजे आरंभाची अनुपस्थिती. म्हणून जो खरा चालतो त्याची पावले जागच्या जागी असतात.’

तो कागद राजाराम जॉबरने साहेबांना नेऊन दाखवला आणि त्याच पावली परत आणला. साहेब भडकले होते. हा खुलासा नव्हे, म्हणाले, पुढच्या संपाचा हुकूम आहे. ‘पावले जागच्या जागी’ म्हणजे खात्यात यायचं आणि मागाला हात लावायचा नाही, असंच ना?

शुक्रवार उजाडला. आईने कपाळावर पदर ओढला, माझी वही मागितली आणि म्हणाली, “चल.”

रमाकांतराव कामावर जायच्या गडबडीत होते. आई दारातच बसली.

“रमाकांतराव, पोरीने तुमचे विचार उतरवून ठेवलेत. तेवढे ऐकून जा.” मग मला म्हणाली, “बकुळे, प्रत्येक वाक्य उलटं करून वाच. मागचा शब्द पुढे, पुढचा मागे.”

मला कळेना, पण मी वाचलं. “शब्द हा मौनाचा प्रकाश आहे.”

रमाकांतरावांची मान आपोआप हलली. “वा.”

“पूर्णाला कवटाळणारा शून्याचा सखा होतो.”

“क्या बात है. हे कधी लिहिलं होतं मी?”

“जो पोहोचतो, तोच थांबतो.”

“हेही–” ते म्हणाले, आणि तिथेच अडले.

“तुम्ही नाही लिहिलंत,” आई म्हणाली. “पोरीने उलटं केलं. मी शिकलेली नाय, रमाकांतराव. पण भिवा ‘मिल बंद’ म्हणतो तेव्हा ते उलटं केलं तर ‘मिल चालू’ होतं, नि दोन्ही काय एकदम खरी होत नाहीत. एक धरलं तर दुसरं सोडावं लागतं. तुमची वाक्यं दोन्ही बाजूंनी नेसता येतात. अशा लुगड्याला सुलट बाजूच नसते.”

“पण राधाबाई, त्यात एक खोली असते...”

“असेल. आमच्या खोलीत सहा माणसं राहतात. त्यांचं काय करायचं ते सांगा.”

रमाकांतरावांनी खिडकीबाहेर बघितलं. दोन ट्रामी गेल्या. त्यांची दया यावी असा तो चेहरा होता, मला आली. माझ्याही वहीची सतरा पानं त्यांच्याबरोबर बुडत होती.

“काय लिहू?” त्यांनी हळूच विचारलं.

“खरं ते.”

त्यांनी कागद घेतला. चार वेळा लेखणी टेकवली आणि उचलली. शेवटी लिहिलं: ‘बावीस तारखेला मी फळ्यावर लिहिलेल्या वाक्यात कोणताही हुकूम नव्हता. त्याला काही अर्थही नव्हता. ते कानाला बरे वाटले म्हणून लिहिले.’ खाली सही, तारीख, खोली नंबर. मी वाचलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य, जे उलटं करता येत नव्हतं.

शनिवारी आई, बाबा आणि मी मिलच्या दरवाज्यावर गेलो. मी वाचून दाखवण्यासाठी. बाकीचे दहा जण बाहेर उभे राहिले. आधी कुशाबाचं होऊ दे, म्हणाले. गणपत सगळ्यात मागे.

साहेब गोरेगोमटे, चष्मेवाले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“अर्थ नव्हता? मग चाळीस माणसं घरी कशी बसली? काय रे कुशाबा, तुला त्या वाक्याचा काय अर्थ लागला?”

बाबांनी टोपी काढून हातात धरली होती. ते फारसं बोलणारे नव्हते.

“वाक्याचा मला नाय लागला, साहेब,” ते म्हणाले. “शेजाऱ्यांचा लागला.”

 राजाराम जॉबर खाली बघत होता. आईने बाबांकडे असं बघितलं, जसं मी तिला कधी बघताना पाहिलं नव्हतं.

साहेबांनी खण उघडला, अकरा कार्डं काढली, सगळ्यांवर काहीतरी खरडून शिक्के मारले. “ठीक आहे. पुन्हा असं झालं तर ऐकून घेणार नाही. राजाराम, एक तारखेला ह्याचं नाव लाव.”

बाबांनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. आम्ही दाराशी पोहोचलो तेवढ्यात साहेबांनी मला हाक मारली. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढून उघडी धरली होती, आणि पेनाचं टोपण दातात होतं.

“पोरी, ते फळ्यावरचं वाक्य काय होतं गं नक्की? थांबतो आधी, की पोहोचतो?”

मी आईकडे बघितलं.

“कसंही लिहा, साहेब,” आई म्हणाली. “चालेल.”