सुरू, बंद, सापडली नाही

सारिकानं फलकावर चढलेला वेल दोन्ही हातांनी ओढून काढला. खाली पत्र्यावरची पांढरी अक्षरं अर्धीमुर्धी उरली होती. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा गंजानं खाल्ला होता. तिनं तो बोटानं घासून पाहिला, मोबाइलवरच्या यादीशी ताडून पाहिला आणि मागं सरून फोटो काढला. साखरखेर्ड्याच्या बाजारओळीमागची ती एकच खोली. दाराला जुनं कुलूप आणि पायरीवर एक शेळी बसलेली.

"कोन पाह्यजे वं माय?" समोरच्या दारातून एका म्हातारीनं विचारलं.

"हे महिला मंडळ कोणाचं आहे, आजी?"

"आमचंच." म्हातारी पदर सावरत रस्ता ओलांडून आली. तिचं नाव कौशल्याबाई, आणि ती मंडळाची सचिव होती. हे सांगताना ती जरा ताठ उभी राहिली. "शिवनक्लास होता इथं. दारूचं दुकान उठोलं होतं आमी. सातजनी होतो. तिघी गेल्या, एकीले दिसत नाई. मंग कोन येते?"

सारिकाच्या मोबाइलवर प्रत्येक नावापुढे तीनच पर्याय होते: सुरू, बंद, सापडली नाही. तिनं 'बंद'वर बोट ठेवलं.

"काय लिवलं?" कौशल्याबाईनं वाकून पाहिलं.

"मंडळ सध्या बंद आहे, असं."

"मंग काय होते त्यानं?"

"काही होत नाही, आजी. नुसती मोजणी आहे."

पुण्याच्या एका अभ्यासगटाला राज्यात सेवाभावी संस्था किती आणि कशाकशाच्या, हे मोजायचं होतं. सिंदखेड राजा आणि लोणार हे दोन तालुके सारिकाकडे आले होते. चारशे बारा नावं. समाजकार्याची पदवी घेऊन तीन वर्षं घरी बसलेल्या सारिकाला हे काम मनापासून आवडलं. ती स्कूटीवर निघायची आणि संध्याकाळी बीबीला घरी परतल्यावर आईला दिवसभरात पाहिलेलं सांगत बसायची. भजनी मंडळं, तालमी, गोशाळा. साप धरून रानात सोडणाऱ्यांची एक संस्था. फक्त उन्हाळ्यात बसस्थानकावर पाणी पाजणाऱ्यांची एक. बेवारस प्रेतांना अग्नी देणारा सहदेव तर एकटाच होता. त्याची संस्था म्हणजे तो आणि त्याचा हातगाडा. "मोजून काय करता?" एवढंच त्यानं विचारलं होतं, आणि सारिकानं हसून दुसरा प्रश्न वाचला होता.

तीन आठवड्यांनी साखरखेर्ड्याचा फोटो अस्पष्ट आहे म्हणून परत आला. सारिका पुन्हा गेली. बाजारओळीमागं वळल्यावर तिला आधी वाटलं, आपण गल्ली चुकलो. वेल मुळापासून काढला होता. निळ्या रंगाचा नवा फलक होता. मंडळाचं नाव तेच, क्रमांक तोच, शेवटच्या आकड्यासकट. खाली सात नवी नावं होती. त्यात कौशल्याबाई नव्हती. दाराला पितळी कुलूप होतं आणि आजूबाजूची मोकळी जागा तारेनं वेढली होती.

समोरचं दार बंद होतं. तिनं कडी वाजवली.

"आजी, मी सारिका. मोजणीवाली."

मग दार न उघडताच आतून आवाज आला.

"दोघं जन आले होते. म्हने, तुमचं मंडळ बंद हाये असं सरवेत निंगालं. रजिस्टर नेलं, शिक्का नेला. मह्या सह्या घेतल्या." मग ती म्हणाली, "तुनंच लिवलं होतं नं वं?"

सारिका पायरीवर उभी राहिली. दारापलीकडे पावलं आत गेल्याचं तिला ऐकू आलं.

तिथून ती थेट घरी गेली नाही. 'बंद' लिहिलेल्यांपैकी जवळपासच्या चार ठिकाणी स्कूटी घेऊन फिरली. एक तालीम, एक विणकरांची संस्था, दोन वाचनालयं. एका वाचनालयाच्या खोलीचं छप्परच उडालेलं होतं. तिथं काही बदललं नव्हतं. उरलेल्या तिन्ही ठिकाणी चांगली जागा होती, रस्त्याला लागून. तिन्ही ठिकाणी निळा फलक होता.

रस्त्याच्या कडेला थांबून तिनं शंकररावांना फोन लावला. ते अभ्यासगटाचे जिल्ह्याचे समन्वयक. नावं तेच पाठवायचे, फोटो तेच तपासायचे. त्यांना तिनं एकदाच, प्रशिक्षणाच्या दिवशी पाहिलं होतं. प्रत्येकाला स्वतः पाणी देणारे, मऊ आवाजाचे गृहस्थ.

"सर, मी बंद लिहिलेल्या संस्था कोणीतरी ताब्यात घेतंय."

"ताब्यात कशाला म्हणता, ताई? बंद पडलेल्या संस्थेला नवी माणसं मिळाली तर चांगलंच की."

"पण आपली माहिती त्यांना कशी मिळते?"

"माहिती सगळ्यांसाठीच असते." ते हसल्यासारखं वाटलं. "तुमचं काम फार नेटकं आहे. एकच नोंद राहिली बघा. बीबीचं प्रबुद्ध वाचनालय. घरचं म्हणून शेवटी ठेवलं वाटतं?"

वडिलांचं वाचनालय आहे, हे सारिकानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

तिचे वडील धम्मरत्न जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी आणि इंद्रभान गुरुजींनी, दोघांनीही नोकरीच्या पहिल्या वर्षात, गावातल्या बौद्ध कुटुंबांना घेऊन ते वाचनालय उभं केलं होतं. मागं बाहेरगावच्या मुलांसाठी दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांतून निघालेली मुलं आज कुठं कुठं अधिकारी होती. धम्मरत्न गेल्यावर गुरुजींचे गुडघे राहिले आणि दार महिन्यातून एकदा, झाडायला तेवढं उघडू लागलं. मधल्या काळात शेजारून मोठा रस्ता झाला.

सारिका घरी पोचली तेव्हा केसरबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"आई, वाचनालयाचं विचारायला कोणी आलं होतं का?"

"हाव, आले होते नं. परवा. तुह्यासंगं काम करतेत म्हने ते दोघं. चांगली पोरं होती वं, चहा घेतला, तुह्या बाबाच्या फोटोले हात जोडले." केसरबाईनं एक मिरची उचलून देठ मोडला. "तू मांगतलं म्हनून सांगतलं त्याईनं, तं देला."

"काय दिलं?"

"बाबाच्या मृत्यूचा दाखला."

सारिका अंगणातच खाली बसली. त्या दाखल्यावर विश्वस्तांतून बाबांचं नाव काढून दुसऱ्याचं घालता येतं, हे तिला माहीत होतं. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचे मिरचीचे हात हवेतच राहिले.

"काऊन? चुकलं का मह्यं?"

"नाही," सारिका म्हणाली. "माझंच नाव सांगितलं ना त्यांनी."

दुसऱ्या दिवशी ती इंद्रभान गुरुजींकडे गेली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"मह्यापाशीबी आले होते. सरवेचा कागद म्हने. मी सही देली."

"वाचला नाही?"

"तुहं नाव सांगतलं त्याईनं." गुरुजी खाली पाहत म्हणाले. "जिंदगीभर पोराईले सांगत आलो, वाचल्याबिगर सही करू नोका."

मग गुरुजींनी भिंतीला धरून उभं राहायला सुरुवात केली.

"रजिस्टर अजून मह्याच पेटीत हाये. ते नाई देलं म्या. सभा लाव. रविवारी, अकरा वाजता. नोटीस लिव, मी सही करतो. वाचून करतो."

नोटीस दारावर डकवली. सारिकानं पुण्याला अभ्यासगटाच्या पत्त्यावर सगळं लिहून पाठवलं. 'आपली तक्रार जिल्हा समन्वयकांकडे पाठवली आहे' असं दोन ओळींचं उत्तर आलं. ते वाचून तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि झाडू घेऊन वाचनालयात गेली. दोन दिवस ती आणि आई पुस्तकं झटकत होत्या. जिवंत सभासद तिघंच सापडले: गुरुजी, केसरबाई आणि मलकापूरला राहणाऱ्या निवृत्त परिचारिका महामायाबाई. त्यांना सारिकानं फोन केला. "पहिल्या गाडीनं निंगतो," त्या म्हणाल्या.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना तिघंही सतरंजीवर बसली होती. सारिका खिडकीपाशी बसली. गुरुजींनी रजिस्टर उघडून मांडीवर घेतलं. शेवटची नोंद धम्मरत्नच्या अक्षरात होती. गुरुजींनी ते पान हळूच उलटलं.

बाहेर गाडी थांबली. पांढरे सदरे घातलेली चार माणसं उतरली. त्यांनी पायरीवर बूट काढले, ओळीनं लावून ठेवले, आत येऊन "जय भीम" म्हटलं आणि सतरंजीच्या रिकाम्या बाजूला मांडी घालून बसली. त्यांतला एक, तिशीतला, महामायाबाईंच्या पाया पडला.

"आपण कोण?" सारिकानं विचारलं.

"सभासद." त्यानं एक पारदर्शक पिशवी पुढं सरकवली. आत टंकलिखित यादी होती, खाली गुरुजींची सही. "विश्वस्त बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलाय, ताई. पण नोटीस वाचली. म्हटलं, सभेला गेलंच पाहिजे. नियम म्हणजे नियम."

केसरबाईनं त्याला ओळखलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"आणखी एक," तो अदबीनं सारिकाकडे वळला. "राग मानू नका. यादीत तुमचं नाव नाही, ना जुन्या, ना नव्या. सभासदांच्या सभेत बाहेरच्यानं बसायचं नसतं. तुम्हांला तर माहीतच आहे."

खरं होतं ते. मोजायला आलेली चारशे बारा नावं तिला पाठ होती, पण बाबांच्या वाचनालयाची सभासद व्हायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. ती उठली. दारापर्यंत चार पावलं होती. तिनं दोन टाकली.

"बस," गुरुजी म्हणाले. आवाज लहान होता, पण वर्गातला होता.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहिली. मनगट दुसऱ्या हातानं धरलं. मग लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले.

"विषय क्रमांक एक. सारिका धम्मरत्न यांना सभासद करून घेणे. सूचक, इंद्रभान."

"अनुमोदक?"

केसरबाईनं हात वर केला. तिच्या पाठोपाठ महामायाबाईंनी केला, आणि दोघींनी तो खाली घेतला नाही.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिशीतला माणूस अजून हसत होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला, उठून ओट्यावर गेला आणि पाठमोरा उभा राहून हळू आवाजात बोलू लागला.

"हो, शंकरराव सर. मोजणीवाली आहे इथंच. नाही, उठली नाही." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. शेवटी "बरं" म्हणाला, आत आला आणि आपल्या मागं दार ओढून घेतलं.

"होऊ द्या, गुरुजी," तो पुन्हा मांडी घालत म्हणाला. "आम्हांला घाई नाही. लिहा. नाव नीट लिहा त्यांचं. पत्त्यासकट. घर पाहिलंय आम्ही, तरी कागदावर असलेलं बरं."

गुरुजींचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्यांनी सारिकाकडे पाहिलं.

सारिका आईशेजारी येऊन बसली.

"लिहा, गुरुजी," ती म्हणाली, आणि आपला पत्ता सांगू लागली.