उसवलेलं छप्पर

मी एक जुनी घरगाडी आहे. ‘जुनी’ हा शब्द मला लागत नाही, मित्रांनो. तीस वर्षं रस्त्यावर काढल्यावर कोण तुकतुकीत राहतं? पण मला कुणी ‘कुजकी’ म्हटलं, ते मात्र लागलं. ते कुणी म्हटलं आणि पुढे काय झालं, तेच सांगायला बसले आहे. बसले कसली, उभीच आहे म्हणा, माझ्या मालकाच्या, दुइलिओच्या अंगणात, अक्रोडाच्या झाडाशेजारी.

माझा जन्म इटलीत, तोस्कानातल्या एका कारखान्यात झाला. आधी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला. त्यावर बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, आणि दोन्हींच्या मध्ये थंडी अडवणारा पांढरा फोम. दोन पत्रे जिथे भेटतात तिथे चिकट पट्टी लावून वरून धातूची लांब पट्टी स्क्रूंनी आवळली. म्हणजे मला बांधलं कमी आणि शिवलंच जास्त. चालकाच्या डोक्यावर माझं कपाळ पुढे आलेलं, त्यात दोघांचा बिछाना. मागे दोन चुलींची शेगडी, छपरात एक खिडकी. पहिला मालक पादोव्हाचा दातांचा डॉक्टर होता. त्यानं मला दोनदा समुद्रावर नेलं आणि मग आठ वर्षं भिंतीला टेकवून ठेवलं. नुसतं उभं राहण्यासारखं दुखणं नाही हो.

तिथून मला सोडवलं दुइलिओनं. तो इटलीच्या ईशान्य टोकाच्या फ्रिउलीचा गवंडी. डोंगरातला माणूस, हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. त्यानं मला विकत घेतलं ते फिरायला नाही, बायकोला झोप लागावी म्हणून!

त्याचं असं झालं. शहात्तर सालच्या मे महिन्यात त्यांच्या मुलखात मोठा भूकंप झाला. निवेस, म्हणजे दुइलिओची बायको, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वडिलांचं घर कोसळलं आणि ती स्वयंपाकाच्या टेबलाखाली चार तास दगडांत अडकून राहिली. बाहेर काढल्यावर तिला राहायला कुठूनशी आलेली एक छोटी घरगाडी मिळाली. सात महिने ती तीत राहिली आणि तीत तिला शांत झोप लागायची. पातळ पत्र्याचं छप्पर, पडून पडून कितीसं पडणार? पुढे दुइलिओशी लग्न झालं. सगळं गाव तेव्हा आपापल्या हातांनी घरं उभारत होतं. दुइलिओनंही उभारलं. हातभर जाडीच्या भिंती, लोखंडी सळ्या, आणि उंबऱ्यावर ओल्या सिमेंटात खिळ्यानं कोरलेलं साल, १९७८. त्या घरात निवेस वीस वर्षं एक डोळा उघडा ठेवून झोपली. मग अठ्ठ्याण्णवच्या ईस्टरला डोंगरापलीकडे जमीन पुन्हा हलली आणि तिचा तो दुसरा डोळाही मिटेना.

पंधरा दिवसांनी दुइलिओनं मला अंगणात आणून उभं केलं. “घे,” तो एवढंच म्हणाला.

त्या दिवशी निवेस माझ्यात दहा तास झोपली. उठल्यावर तिनं माझं नाव ठेवलं सिसिले. त्यांच्या बोलीत सिसिले म्हणजे पाकोळी. दुइलिओ मात्र मला ‘डबा’ म्हणायचा. निवेसनं त्यालाही माझ्यात झोपायला बोलावलं, पण तो म्हणाला, “घर कुणीतरी राखायला हवं.” तेव्हापासून रोज ती माझ्यात आणि तो त्याच्या घरात. गाव काय, दोन दिवस हसलं आणि विसरलं. पण गवंड्याच्या बायकोनं गवंड्याच्या घरात झोपू नये, हे त्या गड्याच्या मनाला कुठेतरी खुपत असणारच. बोलायचा नाही, एवढंच.

माझे दिवस सुखाचे होते. उन्हाळ्यात आम्ही दिवसभरासाठी ग्रादोच्या किनाऱ्यावर जायचो. निवेस माझ्या शेगडीवर बटाटा आणि चीजचा फ्रिको कुरकुरीत करायची, आणि शेजारच्या नव्याकोऱ्या गाड्यांमधली माणसं ताटली घेऊन वासाच्या मागे यायची. “कसली मजबूत गाडी!” म्हणायची. मी फुगून जायचे.

मग गळती लागली. आधी छपराच्या खिडकीखाली एक थेंब, मग डाग, मग खाली टेबलावर ठेवलेलं पितळी भांडं, आणि त्यात टप टप. दुइलिओ लगेच शिडी घेऊन वर चढला. फट दिसली की बुजवायची, हा त्याचा धर्म! भूकंपानंतर साऱ्या गावानं वर्षानुवर्षं तेच तर केलं होतं. त्यानं खिडकीभोवती फटी बुजवायचं चिकट सिलिकॉन फासलं. पुढच्या वर्षी त्यावर आणखी फासलं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. आत भिंतीवर बुरशी आली तर पठ्ठ्यानं चक्क चुना मारला! “चुना म्हणजे बुरशीचा काळ,” म्हणाला. दगडी भिंतीत असेलही. माझ्या प्लायवूडवरून त्याचे पापुद्रे सुटले आणि निवेस सकाळी पिठाच्या पोत्यातून निघाल्यासारखी उठली. शेवटी त्यानं माझ्या खालच्या कडांच्या बारीक फटीसुद्धा बुजवल्या. मी ओरडले असते, मित्रांनो, तोंड असतं तर. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, आत शिरलेलं पाणी जायला! आता पाणी यायचं आणि जायला वाटच नाही.

निवेसला खोकला लागला. तो हटेना. ऑगस्टच्या शेवटी त्यांची मुलगी तिझियाना उदिनेहून आली. ती औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे खोकला ऐकूनच तिचं तोंड उतरलं. तिनं माझं दार उघडलं, नाक दाबलं आणि मागे सरली.

“बाबा, ही गाडी कुजली आहे. आईच्या छातीत ही बुरशी चालली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, यात झोपणं बंद.”

“मी दरवर्षी दुरुस्त करतो,” दुइलिओ म्हणाला.

“दरवर्षी लेप देतोस! भंगारवाल्याशी बोलले आहे मी. येऊन घेऊन जाईल.”

“आणि मी झोपू कुठे?” निवेसनं विचारलं.

“घरात, आई! एवढं घर आहे!”

मग दुइलिओच्या तोंडून वीस वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. “खरंच तर आहे! मी तुला घर बांधून दिलं, निवेस. माझ्या या हातांनी. ते हलत नाही, डुलत नाही. आणि तू या डब्यात झोपतेस.”

निवेसनं त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. “घर चांगलंच आहे तुझं. पण माझ्या वडिलांचं घरही चांगलंच होतं रे.”

तिझियानाचा आवाज खाली आला. शेवटी ठरलं ते असं. सान मार्तिन या संताच्या दिवसापर्यंत, म्हणजे अकरा नोव्हेंबरपर्यंत मुदत. त्या दिवशी मी आतून कोरडी नसले, तर भंगारात. तोवर निवेस घरात झोपणार, म्हणजे जागणार.

“सान मार्तिनला करार संपतात आणि लोक घर बदलतात,” निवेस म्हणाली. “मी नाही बदलणार, सांगून ठेवते.”

आता ऐका हं, निवेस कोण होती ते सांगायचं राहिलंच. ती शिंपीण. चाळीस वर्षं तिनं गावाचे कोट उसवले आणि शिवले. सप्टेंबरात दिवसभराचा पाऊस लागला, तशी ती तोंडाला रुमाल बांधून, कापडावर खुणा करायचा खडू घेऊन माझ्यात शिरली. दर तासाला ओल कुठवर आली तिथे रेघ मारायची. संध्याकाळी तिनं दुइलिओला हाक मारली.

“हे बघ. थेंब पडतो खिडकीखाली, पण ओल सुरू होते इथून.” तिनं माझ्या कपाळाचा डावा कोपरा दाखवला. “अंगण उताराचं, हिचं तोंड वर. पाणी पुढच्या शिवणीतून शिरतं, आतल्या पट्टीवरून घरंगळत मागे येतं आणि इथे पडतं. तू दहा वर्षं भलत्याच जागी ठिगळ लावतो आहेस.”

“मग उद्या तिथे लावतो सिलिकॉन.”

“लावशील! अरे, शिवण गेलेल्या कोटावर मी गोंद फासला असता तर लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं. आधी उसवायचं.”

“उसवायचं?” दुइलिओच्या कपाळाला आठ्या पडल्या. “निवेस, उघडलं तर सगळंच खाली येईल.”

“येऊ दे. पत्राच तर आहे.”

दुसऱ्या दिवशी तो वर चढला. सिलिकॉनचे थर खरवडता खरवडता दुपार झाली. मग त्यानं कोपऱ्याची लांब पट्टी सोडवली. स्क्रू फिरवायची गरजच पडली नाही, गंजलेले स्क्रू दाण्यांसारखे हातात आले. खालचं लाकूड काळं पडलं होतं. दुइलिओनं त्यावर अंगठा टेकवला आणि अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत आत गेला. पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

तो शिडीवरच बसला. ओल्याच हातानं त्यानं डोळे पुसले.

“दहा वर्षं,” तो म्हणाला. “दहा वर्षं मी हे पाणी तुझ्या उशाशी कोंडून ठेवलं, निवेस. माझ्यामुळे खोकतेस तू.”

“हो, तुझ्यामुळेच,” निवेस खालून म्हणाली. “आता रडून आणखी ओल करू नकोस. पक्कड दे खाली.”

मग सगळं रीतसर झालं. आतलं भिजलेलं प्लायवूड काढलं, कुजलेली लाकडं काढली, फोमचे भिजके तुकडे पोत्यात भरले. माझं कपाळ हाडापर्यंत उघडं पडलं. अंगणातून जाणारी माणसं थांबायची, मान हलवायची, “संपली बिचारी,” म्हणायची. मलाही तसंच वाटत होतं, खोटं का बोलू? दुइलिओला तर नवी लाकडं कधी एकदा ठोकतो असं झालं होतं, पण निवेस हलू देईना. “ओल्या कापडावर इस्त्री फिरते, सुई चालत नाही. वाळू दे.” वरून ताडपत्री, आत पंखा, आणि वाट बघणं. गवंडी दिवसातून चारदा यायचा, लाकडाला गाल लावून बघायचा आणि परत जायचा. उघडं ठेवून थांबणं त्याला आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सान मार्तिनचं ऊन पडलं. दरवर्षी थंडीच्या तोंडावर चार दिवस पडतं, ते. त्या उन्हानं माझ्या हाडांतली शेवटची ओल ओढून घेतली. दुइलिओनं लाकडं तासून बसवली, मग नवा फोम भरला. पत्रा लावायच्या आधी त्यानं कानामागची पेन्सिल काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि लाकडावर काहीतरी लिहिलं. उंबऱ्यावर लिहिलं होतं तसं साल. पण इथे सालाखाली दोन नावंही होती, आणि त्यांच्याखाली तिसरं, सिसिले. ते आता पत्र्याआड आहे. मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

शेवटी कणकेसारखी मऊ राखाडी पट्टी शिवणीवर घातली, वरून धातूची पट्टी, नवे स्क्रू. ते आवळले तशी राखाडी कणीक कडेनं बाहेर आली आणि निवेसनं ती फडक्यानं पुसली. दुइलिओचा हात सिलिकॉनची नळी घेऊन सवयीनं खालच्या फटींकडे गेला. चटकन त्या हातावर एक चापट बसली.

“हात मागे!”

“फट आहे गं.”

“असू दे.”

सान मार्तिनच्या दुपारी तिझियाना चेस्टनटची पिशवी घेऊन आली. नेमकं तेव्हाच ऊन गेलं आणि पाऊस कोसळला. तिघं माझ्यात टेबलाभोवती बसली. मध्ये ते पितळी भांडं, खिडकीच्या बरोबर खाली. तिझियाना भिंती चाचपून बघत होती, कोपऱ्यात नाक खुपसून वास घेत होती. अर्धा तास गेला. तास गेला. भांडं रिकामं.

“काय येतोय वास?” दुइलिओनं घाबरतच विचारलं.

“लाकडाचा,” तिझियाना म्हणाली. “नुसता ताज्या लाकडाचा.” मग तिनं भाजलेले चेस्टनट त्या भांड्यात ओतले.

नवी वाइन निघाली, पेले भरले, सालं टेबलभर पसरली. बोलता बोलता निवेस वर बिछान्यात जरा पाठ टेकायला गेली आणि दोन मिनिटांत झोपली. अडीच महिन्यांची झोप होती ती, सोपं नाही. खोकला आला नाही. दुइलिओ बराच वेळ खाली उभा राहून तिचा श्वास ऐकत होता. मग त्यानं बूट काढले.

“बाबा, घर कोण राखणार?” तिझियानानं डोळे मिचकावले.

“ते दगडाचं आहे,” तो म्हणाला. “राहील उभं.” आणि शिडीवरून वर चढला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

तिझियाना छत्री घेऊन बाहेर गेली. अक्रोडाखाली उभी राहून तिनं भंगारवाल्याला फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं, “नका येऊ. इथे माणसं झोपली आहेत.”

मित्रांनो, तुमच्याजवळही काही जुनं असेल. वस्तू असेल, माणूस असेल. त्यात ओल दिसली तर घाईनं वरून लेप देऊ नका. जिथे थेंब पडतो तिथे नाही, जिथून पाणी शिरतं तिथे बघा. उसवायला घाबरू नका, वाळायला वेळ द्या, मग शिवा. आणि पाणी जायला खालची एक फट तेवढी मोकळी ठेवा.

आजही पाऊस आहे. आत दोघं झोपली आहेत, दुइलिओ घोरतो आहे. मी कोरडी आहे.