बेचाळिसाव्या पानाचं गाऱ्हाणं

मी ग्रंथ बोलतोय, पण आवाज पार बसलाय. माझी दोनशे पानं कुणी वाचली नाहीत. बेचाळिसाव्या पानावरचं एक वाक्य मात्र इतक्यांदा वाचलं गेलं, की त्या पानाची कडा मळली.

माझे जन्मदाते प्राध्यापक वसंतराव, जालन्याचे. अंबड तालुक्यातल्या या गावाचा त्यांनी अभ्यास केला. बौद्ध वस्तीत द्वारकाबाईंच्या ओट्यावर चहा घेत माहिती लिहून घेतली आणि त्र्याहत्तर साली मला छापलं. बेचाळिसाव्या पानावर लिहिलं, 'प्रत्येक घर नेमून दिलेलं काम करीत होतं, तोवर गाव एकदिलानं नांदत होतं.' कुणाच्या जिवावर नांदत होतं, ते लिहायचं राहिलं.

गावचे पुढारी तातेराव यांनी मला विकत घेतलं. पुढं त्यांचा बैल मेला. तो ओढायला वस्तीतून कुणी आलं नाही. वस्तीनं धर्म बदलला तेव्हाच ते काम सुटलं होतं. इतकी वर्षं गाव गप्प होतं, पण आता निवडणूक तोंडावर होती. तातेरावांनी मला पारावर उघडलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"ऐका! कॉलेजच्या प्रोफेसरनं लिहिलंय. गाव कुणी मोडलं, कळलं का?"

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत वस्तीचं दळण घेईनात. द्वारकाबाई जोंधळ्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावच्या, वडीगोद्रीच्या गिरणीला पायी जाऊ लागल्या. माणसाची ही खोडच आहे. मनातलं वाईट बोलायची लाज वाटते, पण तेच छापलेलं सापडलं की चेव येतो.

मग तातेरावांनी प्राध्यापकांचा सत्कार ठेवला. मला हार घालून टेबलावर मांडलं. द्वारकाबाईंनी प्राध्यापकांना मंडपातच गाठलं.

"साहेब, आमच्याच वट्यावर बसून लिहून नेल्तं तुमी. त्याच्यावर यायनी आमचं पीठ बंद केलं. गाव वस्तीनं मोडलं असं मी लिहिलं न्हाई, एवढंच माइकावर सांगा. तुमचं ऐकतेत लोकं."

"बाई, मी फक्त अभ्यास मांडला. त्याचा कोण काय उपयोग करतं, ते माझ्या हातात नाही." मग जरा ओशाळून म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत तळटीप टाकतो. म्हणजे पानाखाली बारीक अक्षरात खुलासा."

"हे मोठ्यानं वाचून राह्यले साहेब, अन् तुमी बारीक लिहिणार?"

प्राध्यापकांनी शाल घेतली, तासभर भाषण केलं. गिरणीचं नाव काढलं नाही. दुसरी आवृत्तीही निघाली नाही.

आता मी तातेरावांच्या बैठकीत फळीवर पडून असतो. सभा आली की खाली उतरतो. फार थकलोय. वसंतराव, जालन्याहून अंबडची एसटी रोज सुटते. शाल घ्यायला आलात, तसे एकदा या. पारावर उभे राहा आणि बापाच्या नात्यानं चारचौघांत माझा कान धरा. मला वाईट वाटणार नाही.